माळ्यावरचे पुस्तक आणि माळ्यावरचे बिऱ्हाड

दिवाळीच्या आधी घर झाडावयाचे, माळे उतरवावयाचे आणि वर्षभर ज्यांच्याकडे कोणी ढुंकूनही पाहिले नाही अशा वस्तूंचा निकाल लावावयाचा, ही आपल्याकडील जुन्या घरांची वहिवाट आहे. ह्या दिवसांत घरातील सर्वांत मोठे भय कोणाला असेल, तर ते पुस्तकांना. भांड्यांना कल्हई होते, गाद्यांचा कापूस पिंजून घेता येतो. परंतु पाने पिवळी पडलेल्या आणि पुठ्ठा सुटलेल्या पुस्तकाचा कैवार घेणारे माणूस घरात नसले, म्हणजे ते सरळ रद्दीवाल्याच्या तागडीत जाऊन पडते. हल्ली तर "हे सारे आता मोबाईलवर मिळते" एवढे एक वाक्य उच्चारले, की निकाल लागला! ज्या पुस्तकाला दोन पिढ्यांनी खाकी कागदाचे वेष्टण घातले, त्याची किंमत शेवटी किलोवर ठरते.

आमच्या वाईच्या वाड्यात गेल्या वर्षी आश्विन महिन्यात हाच उद्योग चालला होता. वाडा जुना, चौक, पडवी, माजघर, वर कडीपाट आणि त्याच्याही वर पोटमाळा. मार्गशीर्षात पुतणीचे लग्न ठरले होते, आणि व्याह्यांची माणसे दिवाळीनंतर घर पाहावयास येणार होती. तेव्हा ह्या खेपेस झाडलोट अंमळ कसून व्हावी अशी घरातील सर्वांची इच्छा होती. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक निघाली. ती आमच्या आजोबांच्या धाकट्या बंधूंची. आम्ही मुले त्यांना भाऊआजोबा म्हणत असू. त्यांची सारी नोकरी मुंबई इलाख्याच्या जंगलखात्यात, आणि तीही बहुतेक पश्चिम खानदेशात झाली. ट्रंकेत एक लोकरी गुंडाळपट्टी, मापाची साखळी, काही हिशेबाच्या वह्या आणि तळाशी कडुनिंबाच्या पाल्याच्या भुग्यात एक जाड इंग्रजी ग्रंथ होता. रद्दीचा ढीग ओटीवर पडलाच होता. त्यावर तो जावयाचा, तो आम्ही हाती घेतला.

ग्रंथ होता 'फौना ऑफ ब्रिटिश इंडिया' ह्या मालेतील पक्ष्यांचा तिसरा खंड, लंडन येथे १८९५ साली छापलेला. पक्ष्यांच्या ह्या चार खंडांपैकी पहिले दोन यूजीन ओट्स ह्यांनी आणि पुढील दोन विल्यम ब्लॅनफर्ड ह्यांनी लिहिले. ब्लॅनफर्ड हे व्यवसायाने भूगर्भशास्त्रज्ञ. खडक तपासावयास हिंदुस्थानभर फिरले आणि फिरता फिरता पक्ष्यांचे व पशूंचे जाणकार झाले. पुस्तक वाचण्याचे म्हणावे असे नव्हेच. एकेका पक्ष्याचे नाव, पूर्वी कोणी काय नाव दिले त्याची यादी, पिसांचा रंग, पंखाची व शेपटीची लांबी, कोठे आढळतो, काय खातो, किती अंडी घालतो. मधूनमधून डोक्याचे किंवा पायाचे एखादे लाकडी ठशाचे चित्र. विशेषणांची उधळपट्टी नाही, उद्गारचिन्ह नाही. परंतु अशा रुक्ष पुस्तकाचाही एक स्वभाव असतो. जे पाहिले तेवढेच सांगावयाचे, दुसऱ्याने पाहिले असेल तर त्याचे नाव घेऊन सांगावयाचे, आणि ठाऊक नसेल तेथे थांबावयाचे, हा तो स्वभाव. चारचौघांत असे बोलणारी माणसे किती भेटतात!

समासांत भाऊआजोबांच्या हातची शिसपेन्सिलीची टिपणे होती, तीही मोडीत. आम्हांस मोडी अडखळत वाचता येते. ह्या खंडात सुतार, खंड्या, कोकिळा, पोपट, गरुड, ससाणे असे पुष्कळ पक्षी आहेत. परंतु टिपणे सर्वांत दाट होती ती घुबडांच्या प्रकरणात. गव्हाणी घुबडाच्या पानावर लिहिले होते: "आपल्या पोटमाळ्यावर आहे. भोक बुजवू नये. शके १८५१." म्हणजे १९२९ सालची गोष्ट. हे वाक्य जुळवून आम्ही हसतो न हसतो, तोच माळ्यावरचा गडी घाईघाईने शिडी उतरून खाली आला आणि म्हणाला, "वर जनावर आहे. फुत्कार टाकतंय."

जनावर म्हणजे अर्थातच साप, अशी सर्वांची समजूत झाली. विजेरी घेऊन लांबूनच पाहिले, तो उत्तरेकडील भिंतीत जेथे तुळईचे टोक शिरते तेथल्या पोकळीत पांढरी, पानाच्या आकाराची तोंडे ओळीने दिसली. गव्हाणी घुबडाची पाच पिल्ले! ती झोपेत घोरल्यासारखा किंवा सापाने फुत्कारल्यासारखा आवाज करतात. ज्या भोकाविषयी भाऊआजोबांनी टिपण लिहिले होते, ते भोक हेच. मधल्या नऊ दशकांहून अधिक काळात त्यांचा वंश तेथे अखंड नांदला की मध्ये खंड पडला, हे सांगण्यास साधन नाही. परंतु बिऱ्हाड जुन्या पत्त्यावरच होते, एवढे खरे.

घरात एकच गडबड उडाली. ऐन लग्नाच्या तोंडावर, देवघराच्या बरोबर वरती, घुबड! घरातील वडील माणूस म्हणजे आमच्या आत्या. वय सत्त्याऐंशी, बुद्धी अजून लख्ख. त्यांनी शांतपणे सांगितले, "व्याही यायच्या आत ते काढून टाका आणि भोक बुजवून घ्या. मी अधिक काही सांगत नाही."

आत्यांचे हे सांगणे अडाणीपणाचे म्हणून हसण्यावारी नेणे फार सोपे होते, आणि घरातील तरुण मंडळींनी तसा आरंभही केला होता. परंतु आम्हांस त्यामागचे कारण ठाऊक होते. त्यांचे यजमान गेले त्या रात्री परसातील चिंचेवर पिंगळा ओरडत होता. त्या वेळी आत्या एकतीस वर्षांच्या होत्या. त्या रात्रीचा दिवा, औषधाचा वास, दाराशी जमलेल्या माणसांची कुजबूज ही सारी काळाबरोबर पुसट झाली असतील. आवाज तेवढा राहिला. मनुष्याचे दुःख ज्या ध्वनीशी एकदा बांधले गेले, तो ध्वनी त्यास पुढे जन्मभर अशुभच वाटावयाचा. त्यास पक्षिशास्त्राचे उत्तर देणे हे डोळ्यांतील पाण्याचे पृथक्करण करून दाखविण्यासारखे आहे. म्हणून आम्ही वाद घातला नाही. "चार दिवस द्या, काय करावयाचे ते पाहून ठरवू," एवढेच म्हणालो, आणि रात्री ते पुस्तक घेऊन बसलो.

घुबडाविषयी आपले ज्ञान किती थोडे आहे, ह्याची साक्ष आपली भाषाच देते. आपण त्यास दिवाभीत म्हणतो. संस्कृत कोशांतून दिवान्ध हे नाव आढळते. परंतु दिवसा त्यास दिसत नाही ही समजूत चुकीची आहे. बाहुली लहान करून ते उजेडातही चांगले पाहते. त्याचे डोळे गोलाकार नसून नळीसारखे असतात व खोबणीत घट्ट बसलेले असतात. म्हणून आपल्यासारखी नजर फिरविणे त्यास जमत नाही, आणि ती उणीव ते मान फिरवून भरून काढते. माणसाच्या मानेत सात मणके, घुबडाच्या चौदा. त्यामुळे ते आपले मस्तक सुमारे २७० अंशांपर्यंत वळवू शकते, आणि पाहणाऱ्यास मात्र काही भुताटकी पाहिल्यासारखे वाटते. त्याच्या पंखाच्या पुढच्या पिसाची कड बारीक फणीसारखी दातेरी असते, आणि पिसांवर मखमलीसारखी लव असते. त्यायोगे हवा कापताना आवाज होत नाही. रात्री अंगावरून काहीतरी पांढरे गेले आणि पंखांची फडफड ऐकू आली नाही, असे सांगणारी माणसे खोटे बोलत नसतात. त्यांनी गव्हाणी घुबड पाहिलेले असते.

ब्लॅनफर्ड ह्यांच्या काळी जे कळले नव्हते तेही आता कळले आहे. अमेरिकेत रॉजर पेन ह्या संशोधकाने गव्हाणी घुबड एका पूर्ण अंधाऱ्या खोलीत ठेवले आणि जमिनीवर वाळका पाला पसरून त्यात उंदीर सोडले. घुबडाने ते अचूक पकडले. मग त्याने उंदराएवढा कागदाचा बोळा दोरीने पाल्यातून ओढला. घुबडाने त्यावरही झडप घातली! ह्यावरून ते दृष्टीने नव्हे, वासाने नव्हे, तर केवळ कानाने शिकार करते हे सिद्ध झाले. त्याचा विस्तृत निबंध १९७१ साली प्रसिद्ध झाला. ह्या घुबडाचा एक कान दुसऱ्यापेक्षा किंचित उंच असतो; त्यामुळे आवाज डावीकडून की उजवीकडून एवढेच नव्हे, तर वरून की खालून हेही त्यास कळते. तबकडीसारखा जो त्याचा चेहरा आपणांस भेसूर वाटतो, तो वस्तुतः आवाज गोळा करून कानांकडे नेणारे सूप आहे. ज्यास आपण कुरूपता म्हणतो, ती त्याच्या उपजीविकेची सोय आहे.

कुरूपतेचा विषय निघाला म्हणून पंचतंत्राची आठवण झाली. त्याचे तिसरे तंत्र काकोलूकीय. सर्व पक्ष्यांनी मिळून घुबडास राजा करावयाचे ठरविले, अभिषेकाची सिद्धता झाली, आणि तेवढ्यात कावळ्याने येऊन त्याच्या तोंडाला नावे ठेवली व बेत मोडला, हे त्या वैराचे मूळ. लहानपणी ही कथा ऐकताना आमची सहानुभूती कावळ्यांकडे असे. आता पुन्हा वाचली तेव्हा निराळेच ध्यानात आले. कावळ्यांच्या राजाचा वृद्ध मंत्री स्थिरजीवी हा जखमी झाल्याचे सोंग करून घुबडांच्या गुहेशी पडतो. रक्ताक्ष नावाचा एक मंत्री सावध करीत असताही घुबडांचा राजा त्यास शरण आलेला म्हणून आश्रय देतो. आणि तोच पाहुणा काड्याकाटक्या जमवून एके दिवशी गुहेच्या दाराशी आग लावून त्यांचा निर्वंश करतो. राजनीतीचा पाठ म्हणून ही कथा उत्तम आहे, ह्यात संशय नाही. परंतु तीत आश्रय कोणी दिला आणि घर कोणी जाळले, हे पाहू गेले तर अशुभ कोणास म्हणावे असा प्रश्न पडतो. शिवाय ज्या उलूकास आपण शिवीसारखे योजतो, त्याच्याच नावाने कणादांचे वैशेषिक दर्शन औलूक्य दर्शन म्हणून ओळखले जाते, आणि बंगालकडे तोच लक्ष्मीचे वाहन म्हणून पूजेत येतो. आपल्या चिंचेवरच्या पिंगळ्यास शास्त्रज्ञांनी जे कुलनाम दिले आहे, ते तर ग्रीकांच्या विद्यादेवतेचे आहे: अथीनी.

तिसऱ्या दिवशी एक अनोळखी गृहस्थ दारी आले. गावात बातमी फुटावयास वेळ लागत नाही. त्यांनी इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर हळूच विचारले, "तुमच्याकडे घुबड आहे म्हणतात. अवसेच्या आत मिळालं तर बरे पैसे मिळतील. तुमचीही पीडा जाईल." अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजनाची. पैशाच्या हव्यासाने त्या रात्री घुबडाचा बळी देणारे लोक आपल्या देशात आजही आहेत, आणि त्या दिवसांत ह्या पक्ष्यांचा चोरटा व्यापार वाढतो, हे आम्ही वाचले होते; दारात उभे राहिलेले प्रथमच पाहिले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड पकडणे, विकणे वा मारणे हा गुन्हा आहे, हे आम्ही त्यांस सांगितले. त्यांनी "तुमची मर्जी" म्हणून काढता पाय घेतला. आम्ही लागलीच वनखात्याच्या कचेरीस कळविले आणि त्या रात्रीपासून वाड्याच्या मागल्या दारास कुलूप घातले.

आत्या माजघराच्या उंबऱ्याशी बसून हे सारे ऐकत होत्या. तो मनुष्य गेल्यावर त्यांनी विचारले, "पिल्लं किती आहेत?"

"पाच," आम्ही म्हणालो, "आणि पाचही निरनिराळ्या वयांची." मग पुस्तकात पाहिलेली व इतरत्र वाचलेली हकीकत त्यांस सांगितली. घुबडाची मादी दोनतीन दिवसांच्या अंतराने एकेक अंडे घालते, आणि पहिले अंडे घातल्यापासूनच उबवावयास बसते; म्हणून पिल्लेही एकामागून एक निघतात. थोरले पंख फडफडवू लागते तेव्हा धाकटे अजून कापसाच्या बोळ्यासारखे असते. महिनाभर ती अंड्यांवरून उठत नाही, आणि तेवढे दिवस नर रोज रात्री तिच्यासाठी भक्ष्य आणून देतो.

आत्या पुष्कळ वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आमचे काका ते भोक बुजवू देत नसत. आई कितीदा म्हणाली, पण त्यांनी ऐकलं नाही." आणि थोडे थांबून, "बाळंतीण घरात असताना तिला कोणी बाहेर काढतं का? राहू देत. पिल्लं उडून जाईपर्यंत राहू देत. व्याह्यांना काय सांगायचं ते मी सांगेन."

ज्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दोन रात्री ब्लॅनफर्ड, पंचतंत्र व कायदा ह्यांत शोधीत होतो, ते त्यांनी आपल्या घरच्या रीतीतून काढून दिले. शास्त्राने आम्हांस पाच पिल्लांची वये सांगितली होती. त्या वयांचा अर्थ काय, हे आत्यांनी सांगितले. पुढे त्यांनी आणखी एक गोष्टही आठवून सांगितली. घुबडाला दगड मारू नये. ते तो दगड उचलून नदीवर नेते व पाण्यात घाशीत बसते, आणि जसजसा दगड झिजतो तसतसा मारणारा झिजत जातो. ही समजूत आम्ही लहानपणी भीतभीत ऐकलेली. आता वाटते, भयाचीच समजूत खरी. पण तिने गावोगावच्या मुलांच्या हातांतील किती दगड खाली टाकविले असतील, कोणी सांगावे!

त्यानंतर माळ्यावर जाणे आम्ही बंद केले. तिन्हीसांजेस एकदा, शिडीच्या चौथ्या पायरीवरून, लांबूनच पाहावयाचे, एवढाच नेम ठेवला. मात्र नातीच्या हट्टाने एक प्रयोग केला. घुबड आपले भक्ष्य सबंध गिळते, आणि न पचलेली हाडे व केस ह्यांची गोळी करून ती तोंडावाटे टाकते. भोकाच्या खाली, बाहेरच्या बाजूस, अशा काळपट गोळ्या पडलेल्या होत्या. त्यांतील सहा आम्ही काठीने उचलून आणल्या, कोमट पाण्यात भिजविल्या आणि शिळ्या वर्तमानपत्रावर उकलल्या. नात कवट्या मोजीत होती व आम्ही टिपीत होतो. सहा गोळ्यांत एकोणीस कवट्या निघाल्या: सोळा उंदरांच्या, तीन चिचुंद्र्यांच्या. कोंबडीचे पिल्लू नाही, आणि लोक सांगतात तसले काही अघोरी तर नाहीच नाही. आमच्या धान्याच्या कोठीची चौकीदारी कोण करीत होते, हे त्या कागदावर सर्वांस दिसले. मलेशियात ताडतेलाच्या मळ्यांत उंदरांचा बंदोबस्त करण्यासाठी ह्याच जातीच्या घुबडांकरिता मुद्दाम खोकी उभारतात. इस्रायलात शेतकऱ्यांनी तोच मार्ग धरला आणि शेजारच्या जॉर्डननेही तो उचलला. आपल्याकडे ती आपणहून, भाडे न मागता, येऊन राहतात. गव्हाणी हे नावच गुरांच्या गव्हाणीवरून पडलेले आहे. आमच्या गोठ्यात आता गुरे नाहीत. नाव तेवढे ह्या पक्ष्याने जपून ठेवले आहे.

त्याच पुस्तकातील आणखी एका पानाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. पिंगळ्यासारख्याच, पण डोक्यावर ठिपके नसल्यासारख्या एका लहान घुबडाचे तेथे त्रोटक वर्णन आहे. ह्याचा पहिला नमुना १८७२ च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडातील फुलझरच्या प्रदेशात ब्लेविट ह्या गृहस्थांस मिळाला, आणि १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम ह्यांनी त्यास त्यांचे नाव दिले. हे ह्यूम म्हणजे ज्यांनी १८८५ साली राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेतला तेच. पुढे जेम्स डेव्हिडसन ह्या अधिकाऱ्याने १८८० नंतरच्या चारपाच वर्षांत आपल्या खानदेशात, शहादे-तळोद्याच्या बाजूस, ह्याचे काही नमुने मिळविले. आणि मग हा पक्षी नाहीसाच झाला. त्या पानावर भाऊआजोबांचे टिपण आहे: "तळोद्यास विचारले. कोणी ओळखत नाही."

ह्यापुढील हकीकत भाऊआजोबांस कळली नाही. ती आम्हांस कळते, हे आमचे भाग्य. एका इंग्रज कर्नलाने, रिचर्ड माइनर्ट्झहागन ह्याने, १९१४ साली गुजरातेत मांडवीस आपण हा पक्षी मारल्याचे सांगितले होते, आणि शोध करणारे त्या ठिकाणी जाऊन हात हलवीत परत येत. पामेला रासमुसेन ह्या विदुषीने नमुन्यांची बारकाईने तपासणी केली तेव्हा तो पक्षी मांडवीचा नसून संग्रहालयातून चोरून, नवी चिठ्ठी बांधून आणलेला डेव्हिडसनचाच जुना नमुना असल्याचे आढळले. खोटे ठिकाण वगळून, केवळ खऱ्या चिठ्ठ्यांवर विसंबून, रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट असे तिघे १९९७ च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळच्या डोंगरात गेले, आणि ११३ वर्षे कोणासही न दिसलेला तो रानपिंगळा निष्पर्ण झाडावर भरदिवसा बसलेला त्यांस दिसला! नंतर तो मेळघाटात, यावलच्या रानात आणि २०१४ साली तानसा अभयारण्यातही आढळला. तथापि त्याची रानेच तुटत असल्याने आजही तो संकटात आहे.

चिठ्ठी खरी असणे ह्याला किती महत्त्व! एका मनुष्याच्या खोट्या चिठ्ठीने जाणत्यांस आडवाटेला नेले. दुसऱ्याने शंभर वर्षांपूर्वी प्रामाणिकपणे लिहिलेले गावाचे नाव त्यांस पक्ष्यापर्यंत घेऊन गेले. ह्याच ह्यूमसाहेबांनी हिंदुस्थानच्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहिण्याचे योजून वर्षानुवर्षे टिपणे जमविली होती. ते सिमल्याबाहेर असता त्यांच्या नोकराने ती सारी बाजारात रद्दीच्या भावाने विकली. त्या धक्क्याने त्यांनी पक्ष्यांचा नाद सोडला आणि सुमारे ८०,००० नमुन्यांचा आपला संग्रह १८८५ साली ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. आमच्या ओटीवरचा रद्दीचा ढीग त्या दिवशी आम्ही पुन्हा एकदा, पान न् पान, उलटून पाहिला.

पिल्लांचे काय झाले, हे वाचक विचारतील. दिवाळीच्या सुमारास सर्वांत धाकटे दिसेनासे झाले. अन्न कमी पडले म्हणजे घुबडांच्या घरट्यात धाकट्याचा बळी जातो, हे आम्हांस वाचून ठाऊक होते. आत्यांस ते सांगावयाचे नाही असे घरात ठरले. पण त्या रोज संध्याकाळी "शेंडेफळ कसं आहे?" म्हणून विचारीत, त्या दोनतीन दिवस आमच्या तोंडाकडे पाहून गप्प राहिल्या, आणि पुढे "चौघं कशी आहेत?" असे विचारू लागल्या. व्याह्यांची माणसे आली तेव्हा आत्यांनीच त्यांस माळ्याकडे बोट दाखवून सांगितले, "वर लेकुरवाळी आहे, आवाज झाला तर भिऊ नका." त्यांच्यातल्या वृद्ध आजीबाईंनी हात जोडले, बाकीच्यांनी मोबाईल काढले. लग्न यथासांग झाले. त्याच्या आठ दिवस आधी चौथे पिल्लू उडाले होते.

आत्यांचे भय गेले, असे आम्ही म्हणणार नाही. परसात पिंगळा ओरडला की त्या अजूनही "श्रीराम, श्रीराम" म्हणतात आणि हातातील काम क्षणभर थांबवितात. पण भोक बुजविण्याची गोष्ट पुन्हा निघाली नाही; गवंडी ओलावलेली भिंत दुरुस्त करावयास आला तेव्हा तेवढा हातभर भाग सोडावयास त्यांनीच त्यास बजावले.

ज्यांच्या घरी असे जुने माळे आणि जुन्या ट्रंका अजून आहेत, अशा वाचकांस एवढीच विनंती करावीशी वाटते. आश्विनातील झाडलोट अवश्य करावी; परंतु पुस्तक तागडीत टाकण्यापूर्वी त्याचे समास एकदा पाहावे, आणि भिंतीतील भोक चुन्याने बुजविण्यापूर्वी आत कोणी आहे काय, हे विजेरी लावून लांबूनच पाहावे. असल्यास दोन महिने थांबावे. तेवढ्या अवधीत घराचे काही बिघडत नाही. आणि धान्याच्या कोठीतील उंदीर मात्र निश्चित कमी होतात.